अंगठ्यात अंगठा अडकवला तर दंड किती? युएफा आणि फिफाच्या शिस्तपालन समित्यांना खुलं पत्र

मा. सदस्य,
शिस्तपालन समिती, युएफा (युरोपातल्या फुटबॉलची संघटना, न्यों) आणि फिफा (जगातल्या फुटबॉलची, झुरिक), दोघांनाही एकच पत्र, कारण विषय एकच आहे, गोल मारून हातानं अल्बेनियाचा गरुड केला म्हणून खेळाडूंना लावलेला दंड.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय कारण मला राग मराठीतच नीट येतो, ट्रान्सलेट तुम्ही करून घ्या, तुमच्याकडं पैशाला काय कमी नाही. मी कोल्हापूरचा. कोल्हापूर तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण क्रिकेटनं खाल्लेल्या या देशात फुटबॉलसाठी येडी झालेली जी थोडीफार गावं आहेत त्यातलं हे एक, इथं पेठापेठांतल्या तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमवर इर्षेची मॅच असली की त्या दिवशी पेठेत कुणाचं काम होत नाही, आणि एकाच्या झेंड्याला दुसऱ्यानं हात लावला तर पुढं काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्यामुळं मी जे लिहितोय ते पुस्तक वाचून शहाणा झालेल्या माणसाचं नाही, कठड्याला लटकून मॅच बघणाऱ्याचं आहे.

तर सुरुवात माझ्या भाचीपासून करतो. ती भरतनाट्यमच्या क्लासला जाते. परवा हॉलमध्ये उभी राहून दोन्ही हातांच्या मुद्रा पाठ करत होती, अंजली, कपोत, कर्कट असं करत करत शेवटाकडं आली आणि म्हणाली गरुड, आणि दोन्ही तळवे छातीकडं वळवले, अंगठ्यात अंगठा अडकवला, बाकीची बोटं पंखासारखी पसरली आणि जरा हलवली. माझा चहाचा कप हातातच राहिला. मी म्हटलं अगं हे तर स्विस टीमच्या त्या झाकानं गोल मारून केलेलं, याला दहा हजार फ्रँक दंड आहे! ती म्हणाली मामा काहीतरीच. (त्या यादीत अगदी शेवटची मुद्रा कुठली माहितीये का, भेरुंड. म्हणजे आमच्या त्या दोन तोंडांच्या गंडभेरुंडातला भेरुंड, जो आमच्या शेजारच्या कर्नाटक सरकारच्या चिन्हावर बसलाय. दोन डोक्यांचा पक्षी ही काय एकट्या बाल्कनची, म्हणजे अल्बेनिया-सर्बियाकडच्या मुलखाची, मक्तेदारी नाही, पण ते असो.)

लाईट गेल्यावर आमची आजी पण कंदिलासमोर असाच पक्षी करायची, भिंतीवर सावली उडायची आणि आम्ही पोरं ती पकडायला धावायचो. म्हणजे जगात कुठल्याही घरात जी गोष्ट पोरांना हसवायला केली जाते ती एका मैदानात एका लोकांनी केली की गुन्हा होते, हे कसं काय?

२२ जून २०१८, कॅलिनिनग्राड, वर्ल्ड कप, स्वित्झर्लंड विरुद्ध सर्बिया. आमच्याकडं रात्रीचे साडेअकरा. आम्ही सातआठ जण एका मित्राच्या माडीवर. पाचव्याच मिनिटाला सर्बियाच्या अलेक्झांडर मित्रोविचनं हेडरवर गोल केला, मैदानात शिट्ट्या चाललेल्या, आणि ५२व्या मिनिटाला ग्रानित झाकानं लांबून असला काय डावा पाय लावला की आमच्यातला एक जण जिन्यापर्यंत पळत गेला. आणि झाका पळत जाऊन काय करतो तर छातीवर दोन हात, अंगठ्यात अंगठा. मग ९०व्या मिनिटाला शाकिरी एकटाच बॉल घेऊन सुटला, २-१, शर्ट काढला, आणि परत तेच हात. माडीवर सगळे एकमेकांना विचारायला लागले, हे काय करतायत, कबुतर का काय? मला तेव्हा थोडंफार माहीत होतं म्हणून भाव खाऊन सांगितलं, कबुतर नाही रे, अल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड. मग पुढचा प्रश्न आलाच, अरे पण हे तर स्वित्झर्लंडकडून खेळतायत ना?

हाच तो प्रश्न. तुम्हालाही पडला असणार, फक्त तुम्ही उत्तर शोधायच्या आधी पावतीपुस्तक काढलं. झाका आणि शाकिरी दहा-दहा हजार फ्रँक, आणि कॅप्टन लिश्टश्टायनर पाच हजार. लिश्टश्टायनर तर अल्बेनियन पण नव्हे, अस्सल स्विस गडी, टीममधल्या पोरांबरोबर आनंदात त्यानंही हात केले. फेअर प्लेच्या विरुद्ध वागणूक असं कारण दिलंत. मग अल्बेनियन लोकांनी जगभरातून वर्गणी काढली, खुद्द पंतप्रधान एदी रामानं खातं उघडलं, म्हणजे दंड बाजूलाच राहिला आणि तुमच्यामुळं तो गरुड जगात आणखी चार गावांत पोचला, आमच्या माडीवर तर पोचलाच.

आता शाकिरी जन्मला कोसोव्होतल्या (अल्बेनियन बहुसंख्य मुलूख, आधी सर्बियात, २००८ला स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बियाला ते मान्य नाही) गिलानमध्ये, तान्हा असताना घरचे घेऊन स्वित्झर्लंडला आले. झाका जन्मला बाजेलला, पण त्याचे वडील कोसोव्होचेच, विद्यार्थी असताना १९८६ला युगोस्लाव सरकारच्या विरोधात मोर्चात गेले आणि साडेतीन वर्षं आत बसले. असल्या बापाचा पोरगा सर्बियाविरुद्ध गोल मारतो तेव्हा त्याच्या हाताला काय म्हणून थांबवणार? खुन्नस नव्हती असं मी म्हणत नाही, होतीच, खोटं कशाला बोलू. पण खुन्नस आणि गुन्हा यात फरक असतो, नाहीतर आमचं शाहू स्टेडियम उद्यापासून कुलूप लावून ठेवावं लागेल.

झाका दोघे भाऊ. थोरला तौलांत अल्बेनियाकडून खेळला, धाकटा ग्रानित स्वित्झर्लंडकडून. ११ जून २०१६, युरोची मॅच, फ्रान्समधलं लेन्स, दोघं समोरासमोर, आणि आई स्टँडमध्ये, अंगात अर्धा स्वित्झर्लंडचा आणि अर्धा अल्बेनियाचा असा शिवलेला टीशर्ट. तो फोटो बघितला नसेल तर आधी बघा आणि मग पत्राचा पुढचा भाग वाचा. दोन्ही झेंडे लालच, एकावर पांढरा क्रॉस, एकावर काळा गरुड, आणि मधोमध शिवण. त्या बाईला कुठल्या कलमाखाली बसवणार?

तुमच्या नियमात झेंडा म्हणजे देशाचा झेंडा, एक फेडरेशन एक देश एक झेंडा, फाईल बंद. अल्बेनियनांचा घोळ असा की त्यांचा झेंडा त्यांच्या देशाहून मोठा आहे, आणि देशाहून कितीतरी जुना. आता हे जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा, दंड लावताना तुम्ही आमचं कुठं थोडक्यात आवरता.

ग्येर्ज कास्त्रिओती. अल्बेनियातल्या एका सरदाराचा पोरगा, लहानपणी ओलीस म्हणून ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानाकडं नेलेला, तिथंच वाढला, मुसलमान झाला, ऑटोमन फौजेत मोठा अधिकारी झाला, नाव मिळालं इस्कंदर बेग, त्याचंच पुढं स्कंदरबेग. १४४३ला निशच्या लढाईच्या वेळी तो फौज सोडून निघाला तो सरळ आपल्या डोंगरात, क्रुयाचा किल्ला ताब्यात घेतला आणि २८ नोव्हेंबरला तिथं आपल्या घराण्याचा गरुडाचा झेंडा चढवला असं अल्बेनियात शेंबडं पोरगंही सांगतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लेझा गावात बाकीच्या सरदारांना एकत्र बसवलं. तेव्हापासून १४६८च्या जानेवारीत तापानं जाईपर्यंत, म्हणजे जवळपास २५ वर्षं, डोंगर, किल्ला, कमी माणसं आणि समोर जगातली सगळ्यात मोठी फौज. कोल्हापूरकराला हे ऐकून कुणाची आठवण येते ते लिहायची गरज नाही. तो गेल्यावर दहा वर्षांनी क्रुया पडलं, कितीतरी लोक समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत गेले, त्यांचे वंशज आज पण तिथं आहेत, आर्बरेश म्हणतात त्यांना, ते इटालियन नागरिक आहेत, जुनी अल्बेनियन बोलतात आणि गरुड त्यांच्याकडंही आहे. म्हणजे अल्बेनिया नावाचं राष्ट्र जन्मायच्या चारशेहून जास्त वर्षं आधी हा झेंडा देश सोडून बाहेर पडला होता!

मग १९१२. बाल्कन युद्ध पेटलेलं, चारी बाजूंनी फौजा घुसलेल्या, आणि व्लोरा नावाच्या बंदरात इस्माईल केमाली, वय झालेला माणूस, ऑटोमन संसदेत बसून आलेला, स्वातंत्र्य जाहीर करतो आणि झेंडा वर चढवतो. तारीख? २८ नोव्हेंबर. योगायोग नाही, तीच पाहिजे होती. तो झेंडा मारिगो पोझिओ नावाच्या बाईनं भरतकाम करून दिला असं सांगतात. तेव्हापासून २८ नोव्हेंबर म्हणजे त्यांचा झेंड्याचा दिवस. त्यांचं राष्ट्रगीतही झेंड्याचंच आहे, शब्द आस्द्रेनी या कवीचे, चाल मात्र चिप्रियान पोरुंबेस्कू या रोमानियन संगीतकाराची उसनी. हे मला फार आवडतं. पक्षी मूळचा बायझंटाईन, हिरो ऑटोमन फौजेत तयार झालेला, चाल रोमानियन, आणि सगळं मिळून जे झालं ते शंभर टक्के अल्बेनियन.

आणि गरुडच का, चंद्र किंवा क्रॉस का नाही? कारण तिथं मुसलमान आहेत, बेक्ताशी (एक सूफी पंथ) आहेत, उत्तरेत कॅथलिक आहेत, दक्षिणेत ऑर्थोडॉक्स आहेत, एकाच कुळात दोन धर्म सापडतात. क्रॉस लावला की अर्धे गेले, चंद्रकोर लावली की उरलेले गेले. एकोणिसाव्या शतकात पाश्को वासा नावाच्या कवीनं लिहून ठेवलं की अल्बेनियन माणसाचा धर्म म्हणजे अल्बेनियनपण, आणि हे तो स्वतः कॅथलिक असून आणि ऑटोमन सरकारात पाशा असून म्हणाला. सगळ्यांना एका जागी उभं करील असं त्यांच्याकडं दोनच गोष्टी होत्या, भाषा आणि हा पक्षी. ते स्वतःला अल्बेनियन म्हणतच नाहीत, श्चिपतार म्हणतात, देशाला श्चिपेरिया, आणि गरुडाला श्चिपोन्या. भाषेचे पंडित म्हणतात त्या शब्दाचं मूळ गरुडात नाही, नीट समजेल असं बोलण्यात आहे. पण चहाच्या टपरीवर पंडितांना कोण विचारतं, आम्ही गरुडाची लेकरं म्हणजे गरुडाची लेकरं.

सरकारं आली आणि गेली. झोगू राजानं गरुडाच्या डोक्यावर स्कंदरबेगचं शिरस्त्राण ठेवलं, १९३९ला मुसोलिनीचे लोक आले त्यांनी बाजूला आपल्या फॅसिस्ट कुऱ्हाडी लावल्या, मग एन्वर होजाच्या कम्युनिस्टांनी वर तारा चिकटवला, १९६७ला तर देवळं, चर्च, मशिदी सगळं बंद केलं, देवावर बंदी घातली, पण पक्ष्याला हात लावायची त्याची पण छाती झाली नाही. १९९२ला तारा उतरला. टोपी बदलत राहिली, पक्षी तोच.

तर आता नकाशाकडं येतो, कारण तुम्ही म्हणाल हा माणूस सोयीचं तेवढंच बोलतोय.

१४ ऑक्टोबर २०१४, बेलग्रेड, सर्बिया विरुद्ध अल्बेनिया, युरोची क्वालिफायर. आमच्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली आणि सकाळी विधानसभेचं मतदान, घरचे ओरडत होते झोप आता, बूथवर जायचंय, आणि मी कुठलीतरी अडखळणारी स्ट्रीम लावून बसलेलो. अल्बेनियाच्या पब्लिकला स्टेडियममध्ये येऊ दिलेलंच नव्हतं. ४०-४२ मिनिटं झाली असतील आणि वरून भुरभुर करत एक ड्रोन आला, खाली कापड लटकतंय. स्ट्रीम अडकली, परत सुरू झाली तर सर्बियाचा स्टेफान मित्रोविच (हा वेगळा, आडनाव तेच) ते कापड खाली ओढतोय, अल्बेनियाची दोनतीन पोरं त्याच्यावर धावली, त्यात हाच आपला तौलांत झाका, मग पब्लिक मैदानात, एकानं तर खुर्ची हाणली. रेफ्री मार्टिन अ‍ॅटकिन्सननं टीम आत नेल्या त्या परत आल्याच नाहीत. तुम्ही आधी सर्बियाला ३-० दिली आणि लगेच त्यांचे तीन पॉइंट कापले, म्हणजे मॅच जिंकून हातात शून्य, दोन्ही फेडरेशनना लाख-लाख युरो दंड, आणि मग जुलै २०१५ला क्रीडा लवादानं तुमचा निकाल उलटवून मॅच अल्बेनियाला दिली. सकाळी मी बोटाला शाई लावून घेताना डोळे मिटत होते.

त्या कापडावर काय होतं? केमाली आणि कोसोव्होचा बंडखोर पुढारी इसा बोलेतिनी यांचे चेहरे, २८ नोव्हेंबर १९१२ ही तारीख, इथपर्यंत ठीक. पण मधे नकाशा होता. त्यात कोसोव्हो, मॅसेडोनियाचा तुकडा, सर्बियाचा, ग्रीसचा, मॉन्टेनेग्रोचा, सगळं एकाच लाल रंगात. हे मला पटत नाही. तो झेंडा नव्हता, तो सातबारा होता. सर्बियन माणसाच्या डोक्यावर आणून त्याच्या जमिनीचा सातबारा स्वतःच्या नावावर फडकवायचा आणि वर म्हणायचं आम्ही फक्त ओळख सांगतोय, असं चालत नाही. तिथं तुम्ही दंड लावलात, बरोबर केलंत. २०२२ला कतारमध्ये सर्बियाच्या ड्रेसिंग रूममध्ये कोसोव्हो आपल्यात दाखवणारा नकाशा लटकला, २०,००० फ्रँक दंड झाला, तेही बरोबर. २०२४च्या युरोत मिरलिंद दाकूनं क्रोएशियाच्या मॅचनंतर मेगाफोन हातात घेऊन शेजारच्या देशांना शिव्या देणाऱ्या घोषणा दिल्या, दोन मॅच बाहेर बसवलंत, त्यावर पण माझी तक्रार नाही, शिवी ती शिवी.

माझी तक्रार एवढीच आहे की तुम्ही सातबारा आणि गरुड एकाच पोत्यात घालता. नकाशा जमिनीबद्दल बोलतो, गरुड माणसांबद्दल. नकाशात दुसऱ्याचं घर येतं, हाताच्या गरुडात कुणाची एक इंच जागा जात नाही. आणि दोन डोक्यांचा गरुडच जर चिथावणी असेल तर सर्बियाच्या राष्ट्रध्वजावरच्या राजचिन्हात पांढरा दोन डोक्यांचाच गरुड आहे, मॉन्टेनेग्रोच्या झेंड्यावर सोन्याचा आहे, रशियाच्या चिन्हात आहे, त्यांना कधी विचारलंत का की हा पक्षी कुणाकडं बघतोय म्हणून?

कोसोव्होचं उदाहरण तर तुमच्या दारातलं. २०१६ला तुम्हीच त्यांना मेंबर करून घेतलं. त्यांचा झेंडा निळा, त्यावर सोनेरी नकाशा आणि सहा तारे, सहा समाजांचे सहा. २००७ला स्पर्धा लावून निवडला आणि स्पर्धेची अटच अशी होती की गरुड नको, शेजाऱ्यांच्या झेंड्यासारखं काही नको. हेतू चांगला होता, अल्पसंख्य सर्बांना परकं वाटू नये, ते मला कळतं. पण १७ फेब्रुवारी २००८ला स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा प्रिश्तिनाच्या रस्त्यावर लोकांच्या हातात बघा, लाल-काळाच. आजही लग्नाच्या वरातीत गाडीच्या खिडकीतून जो झेंडा बाहेर येतो तो लाल-काळा. निळा ऑफिसवर, लाल घरात. त्यांच्या राष्ट्रगीताला तर शब्दच नाहीत, उगाच भांडण नको म्हणून नुसती चाल. मी हसत नाहीये, पण समितीनं झेंडा बनवला की तो समितीसारखाच दिसतो, हे तुम्ही समितीवाल्यांनी तरी ऐकून ठेवा.

आणि गोस्तिवार. मॅसेडोनियातलं गाव, अल्बेनियन बहुसंख्य. नगरपालिकेवर अल्बेनियन झेंडा लावला होता, ९ जुलै १९९७ला पोलीस तो उतरवायला आले, दंगल झाली, तीन माणसं मेली, महापौर रुफी ओस्मानी जेलमध्ये गेला. चार वर्षांत तिथं हत्यारं निघाली आणि ऑगस्ट २००१च्या ओह्रिद करारात जी कलमं लिहावी लागली त्यात झेंड्याचंही आलं, की बहुसंख्य असाल तिथं पालिकेसमोर देशाच्या झेंड्याशेजारी आपलं चिन्ह लावा. एका कापडाला शेजारी जागा द्यायला एवढं सगळं व्हावं लागलं. मला हे वाचताना निपाणीचा मामा आठवतो, कोल्हापूरपासून तासाभरावर, राज्य कर्नाटक, घरात मराठी, १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत आणि दारावर भगवा. तुलना फार ताणत नाही, आमचा एकच देश आहे आणि त्यांची माणसं सहा देशांत वाटली गेलीत. पण पालिकेच्या इमारतीवर कुठलं कापड असावं यावरून माणसाची झोप का उडते, हे निपाणी-बेळगावच्या माणसाला एका वाक्यात कळतं.

मदर तेरेसांना आमच्याकडं सगळे ओळखतात. स्कोप्येत जन्मल्या, तेव्हा ते ऑटोमन होतं, आज उत्तर मॅसेडोनियाची राजधानी. आयुष्य गेलं कोलकात्यात, पासपोर्ट भारताचा, घर अल्बेनियन, आणि तिराना विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे. त्या स्वतः सांगायच्या की रक्तानं अल्बेनियन, नागरिकत्वानं भारतीय. आता हे तुमच्या फॉर्ममधल्या कुठल्या रकान्यात भरायचं ते सांगा.

मागणं छोटं आहे. नकाशा, शिव्या, धमकी, मैदानात फेकाफेकी, याला हवा तेवढा दंड लावा आणि दोन्हीकडं सारखा लावा. खेळाडूनं समोरच्याच्या तोंडापाशी जाऊन मुद्दाम केलं तर रेफ्रीच्या खिशात पिवळं कार्ड आहेच. पण गोल मारून छातीवर दोन हात नेले म्हणून फाईल उघडू नका, आणि २०१८च्या त्या तिघांबद्दल, पैसे परत करायला नको, एक ओळीचं पत्र पाठवा की चुकलं.

आणि हे पटत नसेल तर फार लांब जायला नको. तुमची दोन्ही हेडऑफिसं स्वित्झर्लंडमध्ये आहेत, जिथं घराघरांत अल्बेनियन बोलणारे लाखो लोक राहतात. तुमच्याच बिल्डिंगमध्ये कुणीतरी नक्की असेल, कँटीनमध्ये, अकाउंट्सला, गेटवर. येत्या २८ नोव्हेंबरला त्याला जाऊन विचारा, हा पक्षी कसा करायचा. डावा अंगठा पुढं की उजवा, याबद्दल माझं आणि भाचीचं अजून भांडण चालू आहे, तेही विचारून कळवा.

आपला,
एक फुटबॉलवेडा
कोल्हापूर